बारा इंचाची पुली

लेथ चालू असताना मला दुसरं काही ऐकू येत नाही, हे आमच्या रस्त्यावर सगळ्यांना माहीत आहे. त्या दिवशी पुढच्या काउंटरवरचा फोन बराच वेळ वाजत होता म्हणे. शेवटी शेजारचा बॅटरीवाला आत आला आणि माझ्या मागून हात घालून त्याने लेथ बंद केलं. इतक्या वर्षांत त्या बटणाला दुसऱ्या कोणी हात लावलेला नव्हता. मी रागाने वळलो.

तो म्हणाला, "मिस्त्री, हात पुसा. आपल्याला जायचंय."

"कुठे?"

"बाईंना बरं वाटत नाहीये. बसस्टँडवर आहेत."

तो पूर्ण सांगत नाही, हे त्याच्या तोंडावर दिसत होतं. गाडीत बसल्यावर त्याने सांगितलं. ही, माझी बायको, लाकडाच्या वखारीतलं यंत्र बघून परत येत होती. बस बदलायची म्हणून स्टँडवरच्या बाकावर टेकली, ती उठलीच नाही. कंडक्टरने तिच्या पिशवीतला फोन काढून सगळ्यात वरचा नंबर लावला, तो दुकानाचा निघाला. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं, त्यांना काही कळलंसुद्धा नसेल. सगळ्यांना ते असंच सांगत असतील.

तिची पिशवी माझ्या हातात दिली. आत फोन, टेप, खडू, चष्मा आणि टॅकोमीटर, म्हणजे शाफ्टला टेकवून फेरे मोजायचं घड्याळ. एवढंच ती बरोबर नेत असे.

आमचं दुकान पुल्या आणि पट्ट्यांचं. पुढे काउंटर तिचं, मागे लेथ माझं. लांबून बघणाऱ्याला काम सोपं वाटतं. इंजिनाच्या फिरत्या दांड्यावर, म्हणजे शाफ्टवर, एक पुली, यंत्राच्या शाफ्टवर दुसरी, मधे पट्टा. इंजिनावरची पुली मोठी घेतली की यंत्र जोरात फिरतं, लहान घेतली की हळू. पुली फुटली की माणूस तुकडे घेऊन येतो आणि म्हणतो, अशीच द्या. हे 'अशीच' हिला चालत नसे. इंजिन पूर्वीचंच आहे का? यंत्र कुठलं? ही पुली पहिल्यापासूनची आहे की मधे कोणी बदलली होती? पट्टा कुठे घासतो? माणूस वैतागायचा.

"बाई, पुली न्यायला आलोय, सोयरीक जमवायला नाही."

"सोयरीकच आहे," ही म्हणायची. "एका बाजूला इंजिन, दुसऱ्या बाजूला यंत्र. दोघांचं पटलं नाही तर उद्या भांडण घेऊन माझ्याच दारात याल."

उत्तरांनी समाधान झालं नाही तर पिशवी उचलून बघायला जायची. पट्ट्याची दोन्ही टोकं बघितल्याशिवाय तिने सहसा पुली दिली नाही. माझ्याकडे मागे नुसता आकडा यायचा. बारा इंच, तीन खाचा, बोअर दोन. खाचेत पट्टा बसतो, आणि बोअर म्हणजे शाफ्ट बसायचं मधलं भोक. मी तेवढं करून द्यायचो. आकडा कुठून आला ते मी विचारत नव्हतो, आणि भोक सरळ कसं पाडता ते ती विचारत नव्हती. आमचा संसार तसाच चालला, आणि बरा चालला.

मुलगी आली, ती राहिली. लोक आले, बसले, गेले. दुकानाचं शटर खालीच होतं. घर आवरून झाल्यावर मुलीने विषय काढला.

"बाबा, पुढचा गाळा बॅटरीवाल्या काकांना देऊन टाकू या. त्यांना जागा हवीच आहे. मागे तुमचं लेथ राहू द्या. कोणी काम आणलं तर करायचं, नाही आणलं तर आराम करायचा."

"आणि काउंटर?"

"काउंटरवर कोण बसणार?"

"मी बसेन."

बोलू की नको असं तिचं चाललं होतं. "बाबा, पुली बनवता तुम्ही. पण कुठली बनवायची ते आई ठरवायची. तुम्ही तिथे बसून लोकांना काय सांगणार?"

"सांगेन काहीतरी."

"काहीतरी सांगून कोणाचं तरी यंत्र फिरवणार?"

तिचं बरोबर होतं. बोलायची पद्धत आईचीच आहे. मी म्हटलं, एक काम करून बघतो. जमलं तर काउंटर ठेवू, नाही जमलं तर तू म्हणतेस तसं. ती परत जायच्या आत काय ते ठरवायचं, असं ठरलं. बॅटरीवाल्यालाही मी तसंच सांगितलं. तो म्हणाला, "घाई नाही मिस्त्री. बॅटऱ्या काही नासत नाहीत." नासतात, पण तो भला माणूस आहे.

काम आपणहून आलं. वखारवाला भेटायला आला होता. हिने शेवटचं बघितलेलं यंत्र त्याचंच, ओंडके कापायची मोठी गोल करवत. तो मान खाली घालून बसला. माझ्याकडे येऊन गेल्यावर असं झालं, हे त्याने दोनतीनदा म्हटलं. मी म्हटलं, त्यात तुमचा काय दोष. निघताना मीच विचारलं, "ती काय म्हणाली होती पुलीबद्दल?"

"जाऊ द्या हो आता ते."

"नाही, सांगा."

"बारा म्हणाल्या. इंजिनावरची बदला, चीर गेलीय. पण जुनीच्या मापावर जाऊ नका, ती झिजून बारीक झालीय, पूर्ण बारा करा, असं म्हणाल्या."

हे तिचंच बोलणं होतं. असं कोणी मनाचं रचून सांगू शकत नाही. जुन्या पुलीचे तुकडे त्याच्या गाडीत होते. काढताना फुटली म्हणाला. मी ते ठेवून घेतले आणि दुसऱ्या दिवशी शटर वर केलं.

ओतीव पुली मागच्या खोलीत होती, तेरा इंचाच्या जरा आत. ती लेथच्या चकात, म्हणजे पकडीत, धरली, बाहेरून पूर्ण बारा उतरवली, तीन खाचा पाडल्या. खाचांच्या बाजू आरशासारख्या झाल्या. काम चांगलं झालं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा मला भूक लागली. मुलगी डबा घेऊन आली तर मी सगळा संपवला. तिने पुलीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

"आकडा कोणाचा?"

"तुझ्या आईचा."

"मग हे काम धरायचं नाही," ती म्हणाली. "यात तुम्ही काय ठरवलंत?"

बोअर मी नेहमी शेवटी पाडतो. जुन्या पुलीचं भोक कधीकधी झिजून मोठं झालेलं असतं, म्हणून त्यावर न जाता शाफ्टचं माप मागवतो. तुकडे जुळवून बघितले तर जुनं भोक दोन इंचाचं होतं. वखारीत फोन केला. फोन करवतीवरच्या माणसाने घेतला. त्याला सगळे नऊबोट्या म्हणतात, कारण दहावं करवतीने नेलं. तो स्वतःही फोनवर तेच नाव सांगतो. त्याने शाफ्ट मोजून सांगितलं, "दीड."

"दीड इंच?"

"बरोब्बर दीड."

"नीट बघ. दोन असेल."

"मिस्त्री, बोटं नऊ आहेत, डोळे दोन आहेत. दीड म्हणजे दीड."

मागून वखारवाल्याचा आवाज आला, "अरे सांग ना, जे असेल ते पाडा म्हणावं, आम्ही बसवून घेतो."

मी फोन ठेवला आणि दीड इंचाचं भोक पाडायला ड्रिल लावलं. ड्रिल टेकवलं नाही. शाफ्ट झिजतो हे खरं आहे. पण झिजून अर्धा इंच जात नाही. तेवढा झिजायच्या आधी तो तुटतो. आकड्यांचं मला फार कळत नाही, पण भोकांचं कळतं. दोनाचा दीड होत नाही. दुसराच शाफ्ट असेल, तरच होतो.

मी लेथ बंद केलं. तिची पिशवी घेतली, बारा इंचाची पुली पोत्यात गुंडाळली आणि बॅटरीवाल्याला म्हटलं, मला वखारीपर्यंत सोड. पुली जड होती. ती बरोबर कशाला घेतली ते मला सांगता आलं नसतं.

वखारीत ओंडक्यांच्या थप्प्यांमधून आत गेलो. शेडमध्ये जुन्या चौथऱ्यावर एक वेगळंच इंजिन बसवलेलं होतं. आकाराने पूर्वीच्या निम्मं असेल. त्याच्या पत्र्यावरचा रंग अजून नवा होता, पण बोल्ट गंजलेले, म्हणजे जुनंच, वरून रंगवलेलं. शाफ्टवर पुली नव्हती. जुनं इंजिन बाहेर भुशाच्या ढिगाऱ्याशेजारी आडवं पडलं होतं.

मी वखारवाल्याला विचारलं, "हे कधी आणलंत?"

तो नऊबोट्याकडे बघायला लागला. नऊबोट्या छपराकडे.

"मिस्त्री, तुमचं दुकान बंद होतं," वखारवाला म्हणाला. "बंद असणारच, मी काही म्हणत नाही. पण लोकांची लाकडं येऊन पडलेली. मी चिरलेल्या पुलीवरच चालू ठेवलं. ती एक दिवस फुटली आणि शाफ्ट वाकवून गेली. मग हे आणलं. ते पुलीशिवायच मिळालं."

"तुम्ही काढताना फुटली म्हणालात."

"मग काय म्हणू? तुमच्या घरी बसलो होतो. समोर बाईंचा फोटो. तिथे माझ्या इंजिनाचं रडगाणं गाऊ? तुम्हाला वाटलं असतं, हा माणूस भेटायला आलाय की नुकसान ऐकवायला आलाय."

त्याच्या जागी मी असतो तरी तेच केलं असतं.

नऊबोट्याने इंजिन चालू केलं. मी टॅकोमीटर शाफ्टला टेकवलं. तिचं घड्याळ मी आधी कधी हातात धरलं नव्हतं. काटा दीड हजारावर जाऊन थांबला. जुनं इंजिन हजारावर चालायचं, हे नऊबोट्याने सांगितलं. हिने त्याच्यासमोरच मोजलं होतं. मग मी करवतीजवळ गेलो. तिच्या शाफ्टवरची पुलीही बाराचीच होती. पात्यावर कारखान्याने आकडा ठोकलेला होता, मिनिटाला हजाराच्या वर फिरवू नये.

जुन्या इंजिनाला बाराची पुली आणि करवतीला बाराची, म्हणजे इंजिन हजार तर करवत हजार. हिचा हिशोब सरळ होता. आता बारा बसवली असती तर करवतही दीड हजाराने फिरली असती. एवढं मोठं पातं त्या वेगाने थरथरायला लागतं, आणि पुढे काय होतं ते नऊबोट्याला विचारायची गरज नव्हती.

मी म्हटलं, "ही पुली चालणार नाही. आठ लागेल."

वखारवाला पोत्यातून डोकावणाऱ्या पुलीकडे बघत होता. "ही तर तयार आहे. भोक पाडलं की झालं. बाई बारा म्हणाल्या होत्या."

"जुन्या इंजिनासाठी म्हणाली होती."

"म्हणजे बाई चुकल्या?"

"नाही. इंजिन तुम्ही बदललंत."

"मिस्त्री, रागावू नका. पण बाईंपेक्षा तुम्हाला जास्त कळतं का? त्या चार पिढ्यांचं विचारून मग आकडा द्यायच्या. तुम्ही आलात, घड्याळ लावलं आणि आठ म्हणालात."

"ती असती तर तुम्हाला आधी विचारलं असतं, इंजिन तेच आहे का. मी विचारलं नाही. आता बघितलं."

"जरा जोरात फिरलं तर कापेल तरी जास्त."

"मालक," नऊबोट्या म्हणाला, "मला या नवांत अजून पोरांची लग्नं करायचीत."

वखारवाला हसला आणि मग त्याने हात वर केले. "आठ तर आठ."

खरं सांगायचं तर मला ती बारा बसवायची होती. तिने सांगितलेलं शेवटचं माप होतं ते. रस्ताभर मी मनात म्हणत होतो की नऊबोट्याने चुकीचं मोजलं असेल, शाफ्ट दोनच असेल, मी तिथेच बसून सगळं जुळवून देईन. पण दीड हजार म्हणजे दीड हजार. पोतं परत उचलून मी गाडीत ठेवलं.

आठ इंचाची पुली तयार करून घेऊन गेलो आणि तिथे माझी फजिती झाली. शाफ्टवर ती छान बसली, ती घसरू नये म्हणून चावीची लोखंडी पाचर ठोकली, जुने पट्टे चढवले, तर ते तिन्ही खाली लोंबायला लागले. पुली चार इंचांनी लहान केली की पट्टाही आखूड लागतो, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. इंजिन त्याच्या खालच्या लोखंडी रुळांवरून मागे सरकवलं, अगदी बोल्टांच्या खाचा संपेपर्यंत. तरी ढिलेच.

नऊबोट्या एक पट्टा बोटाने हलवत म्हणाला, "मिस्त्री, यावर कपडे वाळत घालू का?"

"घाल. तुझा सदरा तेवढा धुऊन आण आधी."

"बाई पट्टे बरोबर घेऊनच आल्या असत्या," वखारवाला म्हणाला. टोमणा नव्हता. नुसतं म्हणाला.

"हो," मी म्हटलं. "आली असती."

परत दुकानात आलो. पट्टे पुढच्या भिंतीवर खिळ्यांना टांगलेले असतात. एका मापाचे तीन निवडून भागत नाही. तिन्ही एकत्र धरून ताणून बघायचे, एखादा दोराभर लांब-आखूड असेल तर सगळा भार एकट्यावर येतो आणि तोच तुटतो. हिला असं करताना मी लेथवरून कितीदा बघितलं होतं. मला वाटायचं ती धूळ झटकतेय. मी एका खिळ्यावरचे सगळे उतरवले आणि जोड्या लावत बसलो. मुलगी समोर उभी होती. तिने एक टोक धरलं. आम्ही दोघांनी मिळून तीन निवडले.

त्या खेपेला सगळं बसलं. इंजिन चालू केलं, पट्टे ओरडले नाहीत. करवतीच्या शाफ्टला टॅकोमीटर टेकवलं, काटा हजाराच्या जरा खाली राहिला. नऊबोट्याने पहिला ओंडका पुढे सारला. पातं त्यातून सरळ गेलं आणि दोन्ही फळ्या बाजूला पडल्या. वखारवाल्याने फळीवरून तळहात फिरवला.

"पूर्वीसारखंच कापतंय," तो म्हणाला.

"तेच तर हवं होतं."

"मग एवढं सगळं केलं कशाला?" त्याने विचारलं आणि स्वतःच हसला.

मी जायला निघालो तेव्हा नऊबोट्या बरोबर फाटकापर्यंत आला. हिला त्याने त्या दिवशी इथपर्यंत सोडलं होतं. "मला म्हणाल्या, बाहीचं बटण लाव, पट्टा आधी बाही पकडतो, मग माणूस." त्याने हात पुढे केला. बटण लावलेलं होतं. मी बघितलं आणि निघालो.

घरी मुलीला सगळं सांगितलं. फजितीचंही सांगितलं. ती हसली. बऱ्याच दिवसांनी हसली. मग म्हणाली, "आईने ठरवलेलं तुम्ही बदललंत."

"हो."

"वाईट वाटलं?"

"वाटलं."

त्या रात्री तिने तिच्या नवऱ्याला फोन करून सांगितलं की गाळा द्यायचा विचार तूर्त नाही. मी बाजूला जेवत होतो, माझ्यासमोरच सांगितलं. बारा इंचाची पुली मी मागच्या फळीवर ठेवली आहे. तिला भोक नाही. कोणाला तसली लागली तर त्याच्या शाफ्टप्रमाणे पाडून देईन. तिच्याकडे बघून मला काही होत नाही असं नाही, पण ते इथे लिहिण्यासारखं नाही.

बॅटरीवाल्याला नाही म्हणून सांगायला गेलो तर तो म्हणाला, "मला माहीत होतं. तुमच्या लेथचा आवाज पुन्हा यायला लागला तेव्हाच बायकोला म्हटलं, आपल्या बॅटऱ्या अजून काही वर्षं जिन्याखालीच राहणार."

मुलगी गेली. आता सकाळी मी काउंटरवर बसतो आणि दुपारनंतर लेथवर. दुपारी लेथ चालू असताना कोणी आलं तर त्याला पुढे थांबावं लागतं. थांबतात. काही जण दार वाजवतात, काही जण ओरडतात. माझे प्रश्न तिच्यासारखे भराभर येत नाहीत. एक विचारला की दुसरा आठवेपर्यंत माणूस घड्याळ बघतो. एकाने तर विचारलं, "मिस्त्री, परीक्षा लांबलचक आहे का?" मी म्हटलं, मी पण नापास होतोय, बस जरा.

काल एक गवंडी आला. त्याच्याकडे काँक्रीट कालवायचं मिक्सर आहे, त्याची पुली फुटली. तुकडे आणले होते. अशीच द्या म्हणाला. इंजिन तेच आहे का विचारलं, तर म्हणाला, मिक्सर भावाकडून घेतलंय, भावाने काय केलं होतं ते भावाला माहीत. भाऊ कुठे आहे, तर परगावी. ड्रम किती फेरे घेतो, तर म्हणाला, घेतो आपला, माल पडतो. तुकडे मी ठेवून घेतले आणि त्याला म्हटलं, उद्या येतो.

आज सकाळी काउंटर सोडून निघणार होतो, तर एकामागून एक माणसं येत राहिली. मिक्सर बघायला जायचं राहिलंय.